एक बाग, तीन शहरं आणि एक कॅनॉल

"अरे, इथे आपलं पु.ल. उद्यान आहे!" सॅन होजेला ऑनसाइट गेलेल्या एका मित्राचा मेसेज, सोबत पाच-सहा फोटो. तळं, तळ्यावर पूल, छाटलेली झाडं, हिरवळीचे उंचवटे. सिंहगड रोडवरच्या बागेत ज्याने एक तरी रविवार घालवलाय त्याला ते फोटो ओळखीचे वाटणारच. त्याला वाटलं योगायोग. पण योगायोग वगैरे काही नाही. दोन्ही बागा एकाच मूळ बागेवरून काढलेल्या आहेत. मूळ बाग जपानमधल्या ओकायामा शहरात, नाव कोराकुएन. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एकाच सोर्स कोडच्या दोन ब्रँच. पहिली १९६५ ची कॅलिफोर्नियात, दुसरी बरीच नंतर पुण्यात. पुण्यातल्या बागेचं दुसरं नावच मुळी पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. शिवाय सॅन होजे आणि ओकायामा १९५७ पासून सिस्टर सिटी आहेत, आणि सॅन होजे आणि पुणे १९९२ पासून. म्हणजे नात्यागोत्यात बघायला गेलं तर सगळं घरातलंच!

सिस्टर सिटी या प्रकाराबद्दल मला खरं तर फारसा आदर नव्हता. महापौर येणार, करारावर सही होणार, शाल-श्रीफळ, फोटो, आणि पुढच्या वर्षी इकडून शिष्टमंडळाचा दौरा. फार तर एखाद्या चौकाला नाव, जसा औंधचा ब्रेमेन चौक. पण सॅन होजे आणि ओकायामाचा इतिहास वाचत गेलो आणि हे प्रकरण जरा वेगळं निघालं.

आधी सालं बघा. १९४५ साली, २९ जूनच्या पहाटे, अमेरिकन विमानांनी ओकायामावर आगीचे बॉम्ब टाकले. सुमारे १७०० माणसं मेली, शहराचा मोठा भाग जळाला, किल्ला जळाला आणि कोराकुएनचंही मोठं नुकसान झालं. त्यानंतर फक्त १२ वर्षांनी याच शहराने एका अमेरिकन शहराशी बहिणीचं नातं जोडलं. १२ वर्षं म्हणजे काहीच नाही हो. ज्यांनी ती रात्र पाहिली ती पोरं तेव्हा विशीतही गेली नसतील. अमेरिका-जपानमधली पहिली जोडी त्याच्याही आधीची, सेंट पॉल आणि नागासाकी, १९५५. आणि तारीख मुद्दाम निवडल्यासारखी, ७ डिसेंबर, म्हणजे पर्ल हार्बरच्या हल्ल्याचा दिवस. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लोकांनी लोकांशी संबंध ठेवावेत अशी चळवळ सुरू केली आणि अशा जोड्यांचं पीकच आलं. शीतयुद्धाचं राजकारण त्यात होतंच. जपान आपल्या गोटात राहणं ही अमेरिकेची गरज होती. पण सॅन होजेच्या बाजूला अजून एक हिशोब बाकी होता, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आज आपण ज्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतो तो तेव्हा शेतीचा मुलूख होता. प्लम आणि जर्दाळूच्या बागाच बागा. आपल्याकडच्या माणसाला द्राक्ष-डाळिंबाचा इंदापूर तालुका डोळ्यासमोर आणला तरी चालेल. तिथे राबायला जपानी कुटुंबं आली. राबायला चालत होती, पण कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने त्यांना स्वतःच्या नावावर शेतजमीन घेता येत नव्हती. तो कायदा कोर्टाने मोडीत काढला थेट १९५२ साली! मधल्या काळात युद्ध आलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सहीचा हुकूम निघाला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लाखाहून जास्त लोकांना घरदार सोडून छावण्यांत नेऊन टाकलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे रीतसर अमेरिकन नागरिक. सॅन होजेच्या बऱ्याच लोकांची रवानगी झाली वायोमिंग राज्यातल्या हार्ट माउंटन छावणीत.

त्यात दहा वर्षांचा एक मुलगा होता, नॉर्मन मिनेटा. निघताना अंगात स्काउटचा गणवेश आणि हातात बेसबॉलची बॅट. सैनिकांनी ती बॅट काढून घेतली. हत्यार म्हणून वापरता येईल ना! हाच मुलगा १९७१ मध्ये सॅन होजेचा महापौर झाला, पुढे संसदेत गेला, मंत्री झाला. १९८८ चा जो कायदा करून अमेरिकन सरकारने या लोकांची माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले, तो कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्यांत तो पुढे होता. २०२२ साली तो गेला. सॅन होजेच्या विमानतळाला २००१ पासून त्याचं नाव आहे. आपली किती मंडळी तिथे उतरतात, बॅगा घेतात आणि वर पाटीवर कोणाचं नाव आहे ते न बघता कॅब शोधायला लागतात.

तर अशा गावात १९६५ साली केली पार्कमध्ये सहा एकरांवर जपानी मैत्री बाग उघडली. पुढच्या वर्षी तळ्यासाठी ओकायामाहून कोई मासे आले. ही बाग परक्या देशाशी तर मैत्री होतीच, पण स्वतःच्या शहरातल्या, छावणीतून परत आलेल्या शेजाऱ्यांना दिलेली जागासुद्धा होती. माफीचा कायदा यायला अजून २३ वर्षं होती. बाग आधी आली.

मूळ कोराकुएन मात्र मैत्रीसाठी वगैरे बांधलेली नव्हती. इकेदा त्सुनामासा या ओकायामाच्या सरदाराने आपल्या करमणुकीसाठी ती करवून घेतली. काम १६८७ ला सुरू झालं, १७०० ला पुरं झालं. म्हणजे आपल्याकडे संभाजी महाराज ते ताराबाईंचा काळ. बांधणारा होता त्याचा कारभारी त्सुदा नागातादा, आणि हा माणूस आपल्या जातकुळीचा, इंजिनिअर. पुराचं पाणी शहराला वळसा घालून नेणारा ह्याक्केनगावा हा कृत्रिम प्रवाह त्याचा, समुद्र हटवून काढलेली शेतजमीन त्याची. बागेसाठी त्याने आसाही नदीचं पाणी पाट काढून आणलं आणि ओढ्याच्या रूपात सगळीकडे फिरवलं. १९३४ च्या पुराने आणि १९४५ च्या बॉम्बनी बाग उद्ध्वस्त झाली, पण जुनी चित्रं शिल्लक होती. ती बघून होती तशी परत उभी केली. (डॉक्युमेंटेशन लिहायचा कंटाळा करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) युद्धात बागेतले क्रौंच पक्षी संपले होते. १९५६ साली चीनच्या ग्वो मोरुओ या साहित्यिकाने दोन पक्षी भेट पाठवले, कारण तो तरुणपणी ओकायामात शिकला होता. तेव्हा चीन-जपानचे राजनैतिक संबंधसुद्धा नव्हते.

कोराकुएन हे नाव १८७१ चं, आणि त्याचा अर्थ साधारण 'मागाहून सुख' असा. जुन्या चिनी विचारातून आलंय ते. राज्य करणाऱ्याने काळजी लोकांच्या आधी करावी आणि सुख लोकांच्या नंतर घ्यावं.

हा अर्थ वाचला आणि मी जरा थांबलो. कारण मी इंदापूर तालुक्यातला. शिकलो बारामतीत, नोकरी पुण्यात. पु.ल. उद्यानाजवळून जो मुठेचा उजवा कॅनॉल जातो, तो खडकवासल्याहून निघून हडपसर, दौंड करत सुमारे २०० किलोमीटरवर आमच्या तालुक्यात येऊन संपतो. आम्ही टेलची माणसं. टेल म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी: वरच्यांचं भागलं की जे उरतं ते. खडकवासल्याचं धरण १८७० च्या दशकातलं, तेव्हा पुणे शहर केवढंसं होतं. शहर वाढलं तसं त्याचं पिण्याचं पाणी वाढलं, आणि पिण्याचं पाणी पहिलं हा नियमही बरोबरच आहे, मीही तेच पितो. पण त्यामुळे दर उन्हाळ्यात आवर्तन कधी, किती दिवसांचं, यावर बैठका, आणि घरी फोन केला की तब्येतीच्या आधी प्रश्न, "कॅनॉलला पाणी सुटलं का रे?" जसा काही मी धरणावर कामाला आहे!

आणि दुसरी वाट नदीची. पुण्याने वापरून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या फुगवट्यात येतं, म्हणजे परत इंदापूरच्याच दारात. त्याला आवर्तन लागत नाही, ते बारा महिने येतं. भिगवणला फ्लेमिंगो बघायला येणारे पुणेकर त्याच पाण्याच्या काठाने कॅमेरे घेऊन फिरतात. पुणे आणि इंदापूर यांच्यात कसलाही मैत्री करार झालेला नाही. कधी होईल असं वाटत नाही, एका जिल्ह्यातल्या गावांनी कशाला करायचा!

पु.ल. उद्यानावर माझा राग नाही, उलट ती पुण्यातली माझी आवडती जागा. पूर्वरंगमध्ये जपानवर लिहिणाऱ्या माणसाचं नाव तिला आहे हेही शोभतं. ओढ्यात मासे, हिरवळीवर चालायला बंदी, बघायची आणि पुढे जायचं. पण सॅन होजेची बाग ज्या जखमेवर उभी आहे तसं काही या बागेच्या खाली नाही. तिला काही भरून काढायचं नव्हतं. तीनही शहरांना पाण्याने दणके मात्र दिले. ओकायामाला १९३४ मध्ये. सॅन होजेला फेब्रुवारी २०१७ मध्ये, तिथली बागच पुराखाली गेली. आणि २७ सप्टेंबर २०१८ ला आपला हा कॅनॉल जनता वसाहतीजवळ फुटला, तेव्हा दांडेकर पुलाजवळच्या घरांत पाणी शिरलं.

मूळ कोराकुएनमध्ये अजून एक गोष्ट आहे, भाताचं खाचर. नऊ चौकोनांचं. प्राचीन चीनमधल्या सारापद्धतीचा नमुना म्हणून केलेलं: आठ चौकोन आठ कुटुंबांचे, मधल्याचं पीक राज्याला. सरदाराच्या बागेत शेत, आणि दर जूनमध्ये तिथे आजही लावणी होते. नकला काढणाऱ्यांनी तळी घेतली, पूल घेतले, उंचवटे घेतले. खाचर पुण्यात तरी मला कुठे दिसलं नाही. जागा दहा एकर आहे, आणि पाणी तर शेजारूनच जातं, इंदापूरकडे.