यंत्राचें कळसूत्र कोणाच्या हातीं?



रेडिओची किंवा मोबाइलची पेटी उघडून पाहिली तर आंत एक हिरवी पाटी दिसते. तिला सर्किट बोर्ड म्हणतात. तिच्यावर जडविलेले कांहीं भाग केवळ एक मिलिमीटर लांब व अर्धा मिलिमीटर रुंद, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढेहि नसतात. पूर्वीं अशा भागांना तारेचे पाय असत. ते पाटीच्या भोकांत ओवावे व खालून डाख द्यावा, कीं काम झालें. १९८० नंतरच्या दशकांत पाटीच्या पृष्ठभागावरच बसणारे भाग सर्वत्र रूढ झाले. कारखान्यांनीं ते बसविण्यासाठीं यंत्रें आणलीं; हौशी कारागिराच्या हातीं मात्र चिमटा आणि भिंगच राहिलें. शंभर भागांच्या दहा पाट्या करावयाच्या म्हणजे हजार वेळां श्वास रोखून धरावयाचा!

असें यंत्र घरीं कां करूं नये? चार मोटारी, कांहीं सरकपट्ट्या व हवा ओढून भाग उचलणारी एक नळी, एवढी सामुग्री मिळविणें फारसें कठीण नाहीं. कठीण आहे तें त्या यंत्राशीं बोलणें. या बोलण्याचाच इतिहास मला आज आपणांस सांगावयाचा आहे.

सप्टेंबर १९५२ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनें, भोकें पाडलेल्या फितीवरील अंक वाचून धातु कापणारें यंत्र लोकांस दाखविलें. खर्च तेथील हवाई दलाचा होता. त्याच परंपरेंत पुढें ‘जी-कोड’ ही आज्ञाभाषा रूढ झाली. ‘जी १ एक्स १० वाय २०’ म्हणजे ‘सरळ रेषेंत अमुक ठिकाणीं जा’. अशी ही रोखठोक भाषा. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणन-संस्थेनें ही भाषा समजणारी एक नियंत्रक आज्ञावली तयार केली. सरकारी कृति म्हणून ती सर्वांस खुली राहिली, व तिच्यापासूनच ‘लिनक्स-सीएनसी’ जन्मलें. २००५ मध्यें इंग्लंडांतील बाथ विद्यापीठाच्या एड्रियन बॉयर यांनीं ‘रेपरॅप’ हा उपक्रम आरंभिला. आपलेच कित्येक सुटे भाग घडविणारें हें मुद्रणयंत्र. आणि त्याचे आराखडे सर्वांस मोफत. अशा उपक्रमांमुळें मोटारी चालविणारीं स्वस्त नियंत्रक मंडलें हौशी लोकांच्या टेबलांवर येऊन पोंचलीं.

या पायावर पुढच्या दशकांत जेसन फॉन नीडा या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें ‘ओपन-पीएनपी’ ही आज्ञावली उभी केली, व पुढें अनेकांनीं तिला हातभार लावला. तिचा मूळ लेख कोणीहि वाचावा, सुधारावा. मात्र सुधारून दुसऱ्यास देतांना तोहि तसाच खुला ठेवावा, अशी अट आहे.

तिची कामाची रीत अशी. खालीं पाहणारा कॅमेरा प्रथम पाटीवरील खुणा ओळखतो. पाटी तिरपी ठेवली असल्यास तेवढा हिशेब धरला जातो. नळी फितींतून भाग उचलते, आणि वर पाहणारा दुसरा कॅमेरा त्याचें चित्र घेतो. भाग किती सरकला, किती फिरला, हें चित्रावरून मोजून आज्ञावली पुढची आज्ञा दुरुस्त करते. मगच तो भाग डाखाच्या लेपावर ठेवला जातो. शेवटीं पाटी भट्टींत तापविली कीं डाख वितळून सारे भाग पक्के बसतात. हाताची चूक डोळ्यांनीं सावरावी, हें यांतील मर्म होय.

कारखान्यांतील यंत्रें तासाला हजारों भाग बसवितात; त्या वेगाशीं याची बरोबरी नाहीं. शिवाय हें सारें जुळवून घेण्यांत कित्येक संध्याकाळी खर्चीं पडतात. मग लाभ कोणता? विकतच्या यंत्राची आज्ञावली बंदिस्त असली आणि विकणाऱ्यानें तिची निगा सोडली, तर धडधाकट लोखंडहि अडगळींत जातें. कांहीं हौशी लोकांनीं अशा तयार यंत्रांचें मूळ नियंत्रण काढून तेथें ओपन-पीएनपी जोडलें व तीं आपल्या मनाप्रमाणें चालविलीं.

लोखंड विकत मिळतें. पण त्याचें कळसूत्र दुसऱ्याच्या कुलुपांत असेल, तर ती मालकी अर्धीच. उरलेली अर्धी या खुल्या आज्ञावलीनें घरच्या कारागिराच्या पदरांत टाकली आहे.