फेझ : राजधानी गेली, शहर राहिले

देवगिरीचा इतिहास वाचताना इब्न बतूता हे नाव आपल्याला भेटतेच. मोरोक्कोतल्या तांजियर गावचा हा माणूस १३२५ मध्ये हजला म्हणून घराबाहेर पडला आणि पुढे जवळजवळ चोवीस वर्षे फिरतच राहिला. १३३३ मध्ये तो हिंदुस्थानात आला. महंमद तुघलकाने त्याला दिल्लीचा काझी नेमले. १३४२ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून तो चीनकडे निघाला आणि वाटेत दौलताबादला थांबला. तिथला बुलंद किल्ला, अंधारकोठडीतले मांजराहून मोठे उंदीर, वर्षातून दोनदा फळणारी द्राक्षे-डाळिंबे, जवाहिऱ्यांची श्रीमंती आणि गाणाऱ्यांचा 'तरबाबाद' नावाचा बाजार, या सगळ्यांचे वर्णन त्याच्या प्रवासवृत्तात आहे. नंदुरबारचे मराठे कारागिरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात तरबेज आहेत, भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, जेवणापूर्वी स्नान करतात, अशीही नोंद त्यात सापडते.

हे सारे कागदावर उतरले ते मात्र दिल्लीत नव्हे की दौलताबादेत नव्हे. मोरोक्कोला परतल्यावर सुलतान अबू इनान याच्या आज्ञेवरून इब्न बतूताने आपल्या आठवणी सांगितल्या आणि इब्न जुझय्य या ग्रनादाच्या पंडिताने त्या लिहून घेतल्या. १३५५ च्या डिसेंबरात हे काम संपले, ते फेझ शहरात. आपल्या मुलखाचे चौदाव्या शतकातले एक चित्र असे हजारो मैलांवर, आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यात पुरे झाले.

म्हणून मोरोक्कोला जाण्याचा योग आला, तेव्हा मी मराकेश आणि कासाब्लांका थोडक्यात उरकले आणि पाच दिवस फेझला दिले. मनात एक प्रश्न होता. ज्या दौलताबादचे वर्णन झाले, ते शहर आज नाही. किल्ला आहे, पायथ्याशी लहानसे गाव आहे. पण तरबाबादचा बाजार कुठे भरत होता हे दाखवायलाही कोणी नाही. उलट ज्या शहरात ते वर्णन लिहिले गेले, तिथले बाजार आजही भरतात. दोन्ही शहरे कधीकाळी राजधान्या होती आणि दोन्हींची राजधानी हिरावली गेली. मग एक का उठले आणि दुसरे का राहिले?

फेझला स्थानिक लोक 'फास' म्हणतात. तांबड्या तुर्की टोपीला 'फेझ' हे नाव मिळाले ते याच गावावरून. जुन्या शहराला मदिना म्हणतात. मदिनेच्या पश्चिमेला बाब बू जलूद नावाची वेस आहे. बाहेरून निळी आणि आतून हिरवी अशी ही वेस प्राचीन असेल असे वाटते, पण ती १९१३ मध्ये, फ्रेंचांच्या अमलात उभी राहिली. तिच्यातून आत शिरले की रस्ता उताराला लागतो आणि गल्ल्या इतक्या अरुंद होतात की समोरून लादलेले खेचर आले, तर भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. मोटारींना या गल्ल्यांत वाव नाही. पोत्यांपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत सगळे खेचरांवर नाहीतर हातगाडीवर. खेचरवाला मागून ओरडतो, "बालक! बालक!" आपल्या कानांना हे लेकराला हाक मारल्यासारखे वाटते. अर्थ आहे, सांभाळा, बाजूला व्हा. पहिल्या दिवशी मी एवढा एकच अरबी शब्द शिकलो आणि पाचही दिवस तो उपयोगी पडला.

या उताराचे मर्म मला दुसऱ्या दिवशी कळले. फेझ हे पाण्याने आखलेले शहर आहे. नदी पश्चिमेकडून, उंचावरून येते. तिचे पाणी पाटांनी आणि नळांनी आधी मशिदी, मदरसे, हमामखाने आणि घरे यांना मिळते. ज्यांच्यामुळे पाणी घाण होते ते धंदे, म्हणजे कातडी कमावणारे आणि रंगारी, खालच्या अंगाला नदीकाठी. पाणी ही या शहराची ताकद होती, तशी दुखरी नसही. बाराव्या शतकात अल्मोहद फौजांनी फेझला वेढा घातला, तेव्हा त्यांनी नदीला बांध घालून पाणी तुंबवले आणि ते एकदम सोडून तटच पाडला.

मूळ फेझ हे एक गाव नव्हतेच. इद्रिस या राजाने ७८९ मध्ये नदीच्या उजव्या तीरावर वस्ती केली आणि त्याच्या मुलाने, दुसऱ्या इद्रिसाने, ८०९ च्या सुमाराला डाव्या तीरावर. पुढे ८१८ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोब्यात बंड झाले. ते मोडल्यावर हाकलली गेलेली बरीच कुटुंबे इथे उजव्या तीरावर येऊन राहिली. डाव्या तीरावर ट्युनिशियातल्या कैरवानहून आलेल्यांनी घरे बांधली. दोन गावे, दोन तट, मधे नदी आणि एकमेकांशी भांडणे. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात अल्मोराविद राजा युसुफ इब्न ताशफीनने मधला तट पाडून दोन्हींचे एक शहर केले. इद्रिसांनी जागा दिली हे खरे, पण शहराला हात दिले ते परागंदा होऊन आलेल्या या माणसांनी. ती आपापले हुन्नर बरोबर घेऊन आली होती.

कैरवानवाल्यांच्या भागातली करवियीन मशीद जगप्रसिद्ध आहे. परंपरा सांगते की फातिमा अल-फिहरी नावाच्या स्त्रीने वडिलांकडून आलेल्या पैशातून ८५९ मध्ये ती बांधवली. ही कथा चौदाव्या शतकातल्या बखरीतून आपल्यापर्यंत आली आहे. विसाव्या शतकात दुरुस्तीच्या वेळी मशिदीत एक कोरीव शिलालेखवजा पट्टी सापडली. तिच्यावर दाऊद या इद्रिसी राजपुत्राचे नाव आणि ८७७ शी जुळणारे वर्ष आहे. त्यामुळे इतिहासकार फातिमेच्या कथेकडे सावधपणे पाहतात. फेझच्या लोकांना मात्र फातिमाच प्यारी. करवियीनला जगातले सर्वांत जुने विद्यापीठ म्हणतात. तेही जरा जपून घ्यावे. शतकानुशतके तिथे मशिदीत बसून शिकवले जाई. विद्यापीठ हे अधिकृत रूप तिला १९६० च्या दशकात मिळाले. पण शिकणे आणि शिकवणे यांत फारसा खंड पडला नाही, ही गोष्ट लहान नाही. मुसलमान नसलेल्याला आत प्रवेश नाही. मी दारातूनच अंगणातला कारंजाचा हौद पाहिला.

मशिदीच्या मागच्या बाजूला सफ्फारीन नावाचा छोटा चौक आहे. तो तांबटांचा. तिथे उभे राहिलो आणि पुण्याची तांबट आळी आठवली. तोच ठोका, तीच लय. मोठमोठ्या कढया, पातेली, चहाच्या किटल्या दारात मांडलेल्या. या ठोकाठोकीला लागूनच करवियीनचे ग्रंथालय आहे. अबू इनानने त्याला चौदाव्या शतकाच्या मध्यावर आकार दिला. थोर इतिहासकार इब्न खल्दून याने आपल्या ग्रंथाची प्रत इथे भेट दिली होती. हाच इब्न खल्दून तरुणपणी अबू इनानच्या दरबारात होता. इब्न बतूता हिंदुस्थानच्या बादशहाच्या ऐश्वर्याच्या गोष्टी सांगे, तेव्हा लोक कुजबुजत की हा थापा मारतो. इब्न खल्दूननेही वजिराजवळ शंका काढली. वजिराने उत्तर म्हणून एक गोष्ट सांगितली. एका कैद झालेल्या वजिराचा मुलगा तुरुंगातच वाढला. त्याने उंदराखेरीज दुसरा प्राणी पाहिलेला नव्हता. बाप मेंढीचे वर्णन करी, तर तो विचारी, म्हणजे उंदरासारखी का? स्वतः पाहिले नाही म्हणून खोटे ठरवू नये, असा त्याचा मथितार्थ. इब्न खल्दूनने ही आठवण आपल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात नोंदवली आहे. दौलताबादच्या उंदरांचे वर्णन करणारा प्रवासी आणि उंदरांच्याच दाखल्याने त्याची राखलेली बाजू, हा योगायोग मला गमतीचा वाटला.

आता मूळ प्रश्न. फेझची राजधानी एकदा नव्हे, अनेकदा गेली. अल्मोराविद आणि अल्मोहद राजांनी मराकेश पसंत केले. मारिनी घराण्याने फेझला पुन्हा मान दिला. १२७६ मध्ये त्यांनी शेजारी 'नवे फेझ' वसवले आणि मदिनेत एकाहून एक देखणे मदरसे बांधले. अबू इनानचा मदरसा तर प्रवासवृत्ताचे लेखन चालू असतानाच उभा राहत होता. लेखनिक आणि गवंडी एकाच खजिन्यातून पोसले जात होते. पुढे सादी सुलतान मराकेशला गेले, मौले इस्माईलने मेकनेसला राजधानी नेली आणि अखेर १९१२ मध्ये फ्रेंचांनी रबात निवडले. दर वेळी दरबार उठला, पण शहर उठले नाही.

याचे उत्तर मला तिसऱ्या दिवशी सकाळी एका भट्टीपाशी सापडले. फेझच्या प्रत्येक मोहल्ल्यात पाच गोष्टी असायच्याच असे सांगतात : मशीद, मुलांची कुराणशाळा, पाण्याचा सार्वजनिक हौद, हमामखाना आणि पावाची भट्टी. घरातली बाई कणीक मळून गोळे फळीवर मांडते आणि पोरगे ती फळी डोक्यावर घेऊन भट्टीवर पोचवते. आपल्याकडे गिरणीवर दळणाचा डबा ठेवून यावा तसे. कोणाचा पाव कोणता, हे भट्टीवाल्याला बरोबर ठाऊक असते. मी उभा होतो तेवढ्या अर्ध्या तासात दहा-बारा घरांचे पाव भाजून निघाले. या सोयी चालत कशावर? सुलतानाच्या मर्जीवर नव्हे, तर धर्मादायावर. त्याला मोरोक्कोत 'हबूस' म्हणतात. देवस्थानाला इनाम जमीन असावी, तसे मशिदीला, मदरशाला, हौदाला दुकानांचे भाडे तोडून दिलेले असे. धंद्यांचे नियम ज्या त्या कारागिरांच्या पेठेत ठरत. राजा बदलला तरी भाडे येत राही, पाणी वाहत राही.

दौलताबादचे तसे झाले नाही. १३२७ मध्ये तुघलकाच्या हुकमाने दिल्लीची बडी मंडळी तिथे आली आणि काही वर्षांत हुकमानेच परतू लागली. बहमनी राज्य १३४७ मध्ये तिथेच जन्मले, पण गादी गुलबर्ग्याला गेली. पुढे मलिक अंबरने जवळच खडकी वसवली, तिथे नहरींनी पाणी नेले. तिचेच औरंगाबाद झाले, आजचे छत्रपती संभाजीनगर. व्यापार आणि वस्ती पाण्यामागे आणि सुभेदारामागे गेली. डोंगरावरचा किल्ला अजिंक्य होता, पण किल्ला अजिंक्य असल्याने बाजार टिकत नाही.

म्हणून फेझचे गोडवेच गावेत असेही नाही. चौथ्या दिवशी मी मेल्लाहमध्ये, म्हणजे ज्यू मोहल्ल्यात गेलो. १४३८ मध्ये शहरातल्या ज्यूंना नव्या फेझमध्ये राजवाड्याजवळ हलवण्यात आले होते. ३० मार्च १९१२ ला याच शहरात फ्रेंच संरक्षणाचा करार झाला आणि एप्रिलमध्ये सैनिकांचे बंड उसळले. त्यात मेल्लाह लुटला गेला. लोकांनी जीव वाचवायला सुलतानाच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आसरा घेतला. १९४८ नंतर बहुतेक ज्यू कुटुंबे देश सोडून गेली. लाकडी सज्जे असलेली त्यांची घरे आहेत, त्यांत राहणारे दुसरे आहेत. शहर टिकले म्हणजे शहरातले सगळे टिकले असे नसते.

फ्रेंच रेसिडेंट जनरल लियोते याने मदिनेला हात न लावता बाहेर नवे शहर बांधवले. जुन्याची मोडतोड टळली हे त्याचे श्रेय. पण रुंद रस्ते, नवे उद्योग, नवी घरे सगळी बाहेर, आणि मदिना जशीच्या तशी मागे, ही वाटणीही त्यानेच केली. श्रीमंत फासी व्यापारी कासाब्लांकाला गेले. त्यांच्या वाड्यांत खेड्यांतून आलेली गरीब कुटुंबे खोलीखोलीने राहू लागली. युनेस्कोने १९८१ मध्ये मदिनेला जागतिक वारसा ठरवले, तेव्हा तिच्या कित्येक भिंती टेकूंवर उभ्या होत्या. आजही काही आहेत.

शेवटच्या दिवशी शुवारा इथले कातडी कमावण्याचे हौद पाहिले. दुकानाच्या गच्चीवरून पाहताना हातात पुदिन्याची काडी देतात, इतका वास असतो. चुना आणि कबुतरांची विष्ठा घातलेले पांढरे हौद, शेजारी रंगांचे, आणि त्यांत मांड्यांपर्यंत उतरलेली माणसे. आम्ही वरून फोटो काढत होतो. दुकानदार वयस्कर होता. मी हिंदुस्थानचा म्हटल्यावर त्याने अमिताभ बच्चनची चौकशी केली. मग मी विचारले, तुमची मुले या धंद्यात आहेत का? तो म्हणाला, "माझे वडील खाली होते, मी वर आलो. मुलगा फ्रान्सला जायचे म्हणतो." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

फेझपुढचे संकट नेमके हे आहे. भिंती दुरुस्त होत आहेत, वाड्यांची सुरेख अतिथिगृहे होत आहेत. पण तांबटाला भाडे परवडेनासे झाले आणि भट्टीवर फळी येईनाशी झाली, तर अकराशे-बाराशे वर्षे राजांच्या जाण्याने न उठलेले शहर आम्हा पाहुण्यांच्या येण्याने उठेल. आपल्याकडे पैठण, येवला, पुण्याच्या जुन्या पेठा यांच्या वारशाविषयी बोलताना आपण वेशी, वाडे आणि बुरूज मोजतो. ते मोजावेतच. पण त्याच यादीत किती माग चालू आहेत, किती ठोके ऐकू येतात आणि ते काम करणाऱ्याचे घर त्यावर चालते का, हेही लिहायला हवे. इब्न बतूताने नंदुरबारबद्दल लिहिताना तिथल्या कारागिरांची नोंद घेतली होती. आपण ती अजून पुरती घेतलेली नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)