‘एल’ची पाटी आणि मनाचा तोल

चेंबूरहून माहुलकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटार शिकणाऱ्याची पहिली गाठ बहुधा तेलाच्या टँकरशी पडते. १९५०च्या दशकात या परिसरात उभे राहिलेले आणि आज हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम यांच्याकडे असलेले दोन तेलशुद्धीकरण कारखाने, जवळचा खत कारखाना आणि साठवण टाक्यांची आवारे यांमुळे अवजड वाहनांची वर्दळ येथे नित्याची आहे. त्याच परिसरात जुने गावठाण व कोळीवाडा आहे, प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेली ७२ इमारतींची वसाहत आहे आणि या साऱ्यांतून पायी ये-जा करणारी शाळकरी मुलेही आहेत. अशा ठिकाणी स्टिअरिंग प्रथमच हाती घेणाऱ्याच्या छातीत धडधड झाली तर नवल नाही. क्लच आणि गिअर यांचा मेळ काही दिवसांत जमतो. मन ताळ्यावर यायला मात्र अधिक काळ लागतो आणि त्याचे धडे कुणी फारसे देत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी शिकाऊ चालकाची बाह्य चौकट नेमकेपणाने आखून दिली आहे. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने असते. मोटारीत शेजारी वैध परवानाधारक असावा लागतो आणि प्रसंगी गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला असावा लागतो. गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ हवा; पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. ड्रायव्हिंग स्कूलमधील शिक्षण मोटारीसाठी किमान २१ दिवसांचे असावे आणि त्यात किमान १० तास प्रत्यक्ष गाडी चालवून घ्यावी, असेही हे नियम सांगतात. रस्त्यावरील इतरांशी सौजन्याने वागण्याचा विषयही अभ्यासक्रमात आहे. प्रत्यक्षात तो किती शिकवला जातो, हे मुंबईचा कोणताही चौक पाहिल्यावर कळते.

नवशिक्याच्या मनात दोन भावना एकदमच येतात आणि त्या एकमेकींत इतक्या मिसळतात की दोन्ही भीतीच्याच नावाने ओळखल्या जातात. एक खरीखुरी भीती, दुसरी लाज. त्यांची फारकत करणे हे शिकाऊ चालकाचे पहिले काम होय.

भीती मुळीच नसावी, हा सल्ला चुकीचा आहे. येर्क्स आणि डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून पुढे जो सिद्धांत रूढ झाला, तो असा की मनावरील ताण एका मर्यादेपर्यंत कामगिरी सुधारतो आणि त्यापलीकडे ती बिघडवतो. काम जितके अवघड तितकी ही मर्यादा लवकर येते. नवशिक्याला सारेच अवघड असल्याने तो ती चटकन ओलांडतो. मग हात स्टिअरिंगवर आवळले जातात, श्वास रोखला जातो आणि नजर बॉनेटच्या पुढच्या जेमतेम काही मीटरवर खिळते. नवखे चालक जवळ व कमी विस्तारात पाहतात, तर मुरलेले चालक दूरवर आणि आरशांत नजर फिरवत राहतात, हे १९७२ मध्ये मूरंट व रॉकवेल यांनी दाखवून दिले होते. म्हणूनच ‘घाबरू नका’ असे सांगण्यापेक्षा ‘लांब पाहा’ हे सांगणे अधिक उपयोगी. आपण काय करतो आहोत ते मोठ्याने बोलत राहावे: आता आरसा, आता इंडिकेटर, आता दुसरा गिअर. ब्रिटनच्या पोलीस चालकांच्या प्रशिक्षणात ही रीत वापरली जाते. बोलण्यासाठी श्वास घ्यावाच लागतो, हा तिचा आणखी एक फायदा.

टँकरची भीती तर जपून ठेवण्यासारखी आहे. टाकी अर्धवट भरलेली असेल तर ब्रेक लागताच आतील द्रव पुढे उसळतो आणि जड वाहनाला आणखी ढकलतो. त्यामुळे मोकळी जागा दिसली म्हणून टँकरच्या पुढ्यात शिरणे धोक्याचे. त्याच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर चालकालाही आपण दिसत नाही, असे समजावे. डाव्या बाजूस तर हे हमखास घडते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. हा हिशेब ज्याच्या मनात आहे त्याची भीती त्याला सावध ठेवते.

लाज मात्र टाकून द्यावी अशी. सिग्नल हिरवा होतो, क्लच लवकर सुटतो, इंजिन बंद पडते आणि मागून हॉर्नचा गजर सुरू होतो. येथे बहुतेकांची चूक एकच: घाईघाईने चावी फिरवून पुन्हा तसाच क्लच सोडला जातो आणि इंजिन पुन्हा बंद पडते. खरे तर हँडब्रेक, न्यूट्रल, चावी, पहिला गिअर आणि सावकाश क्लच या क्रमाला काही सेकंदच लागतात. मागच्याचे तेवढेच सेकंद जातात, त्याहून अधिक काही नाही. हॉर्न हा आदेश नव्हे. मुंबई वाहतूक पोलिसांनी २०१९ च्या अखेरीस सीएसएमटी, मरिन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता आणि वांद्रे येथे एक प्रयोग केला होता. थांबलेल्या वाहनांच्या हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे आकडे पुन्हा सुरुवातीपासून मोजले जात. शहराचा अधीरपणा खुद्द पोलिसांच्याच खाती जमा आहे, तेव्हा त्याचा दोष नवशिक्याने स्वतःवर घेण्याचे कारण नाही. याच लाजेपोटी कित्येकजण ‘एल’ची पाटी काचेच्या कोपऱ्यात लहानशी चिकटवतात. वास्तविक मागच्याला संयम राखण्याची सूचना देणारे तेवढेच एक साधन त्यांच्यापाशी असते.

शेजारच्या आसनावरील माणसाचा प्रश्न अधिक नाजूक. वडील, पती किंवा थोरला भाऊ शिकवायला बसला की रस्त्यापेक्षा घरातील जुने हिशेबच गाडीत जास्त निघतात. ‘अगं, ब्रेक!’ ही आरोळी ब्रेकच्या आधी काळजावर आदळते. स्त्रियांना तर रस्त्यावरचे टोमणेही ऐकावे लागतात. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत प्रशिक्षकाकडेही क्लच व ब्रेक असतात, घरच्या गाडीत ते नसतात. म्हणून शिकवणारा घाबरतो आणि घाबरून ओरडतो. त्याचा आवाज चढला की गाडी डावीकडे सुरक्षित जागी उभी करून बोलणे तेथेच संपवावे आणि मगच पुढे निघावे. चालत्या गाडीत उत्तर देऊ नये.

काही आठवड्यांनी भीती ओसरते आणि तिच्या जागी राग येतो. रिक्षा आडवी येते, दुचाकी डावीकडून घुसते. कायदा रागाला शिक्षा देत नाही, त्याच्या परिणामाला देतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार धोकादायकरीत्या वाहन चालवल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्याची उपजीविकाच पुढे गाडीवर अवलंबून राहणार आहे, त्याच्यासाठी ही साधी गोष्ट नाही.

माहुलचा परिसर वडाळा येथील आरटीओच्या, म्हणजे ‘एमएच ०३’च्या कक्षेत येतो. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा आधारच्या साह्याने घरबसल्याही देता येऊ लागल्याने, अनोळखी अधिकाऱ्याच्या नजरेसमोर बसण्याचा अनेकांचा पहिलाच प्रसंग या चाचणीचा असतो. अनुत्तीर्ण झाल्यास सात दिवसांनी पुन्हा संधी मिळते. त्या सात दिवसांत जे चुकले त्याचाच, बहुधा रिव्हर्सचा, रोज अर्धा तास सराव करावा. चाचणीच्या दिवशी सोबत कोण येणार हेही आदल्या रात्रीच ठरवावे. घरातील सर्वांत कमी बोलणारी व्यक्ती मोकळी असेल तर उत्तम.