जेरबंद, खोगीर आणि साहेबाची परीक्षा

‘सराईत चोरटा जेरबंद’ अशी बातमी तुम्ही मोबाईलवर आठवड्यातून एकदा तरी वाचत असाल. जेरबंद हा मुळात घोड्याच्या साजातला एक पट्टा. पोटाखालच्या तंगापासून निघून पुढच्या दोन पायांमधून वर जाणारा, घोड्याला मान उडवू न देणारा. ‘खोगीरभरती’ही तशीच : खोगीर फुगवायला आत कोंबलेल्या चिंध्या. तोबरा भरणं, चौखूर उधळणं, मांड ठोकणं, लगाम घालणं... मराठी बोलताना आपण अजूनही बराच वेळ घोड्यावरच असतो.

मी रत्नागिरीची. जांभ्याचे कातळ, उतार, थोड्या थोड्या अंतरावर आडवी येणारी खाडी आणि चार महिने कोसळणारा पाऊस. आमचा मुलूख होडीचा. घोडे दौडले ते घाटावर, भीमथडीच्या माळांवर. त्यामुळे पुण्यात शिकायला गेल्यावर मी घोडेस्वारीच्या वर्गाला नाव घातलं, तेव्हा घरच्यांना नवल वाटलं. तिथे शिकवत ते ‘इंग्लिश रायडिंग’. ज्या भाषेत घोड्यासाठी एवढे शब्द आहेत, तिथे स्वारी इंग्रजी कशी काय झाली, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

आधी ही पद्धत म्हणजे काय ते बघू. खोगीर हलकं आणि सपाट, म्हणजे स्वार घोड्याच्या पाठीच्या जवळ बसतो. लगाम दोन्ही हातांत, आणि तो ओढून न धरता घोड्याच्या तोंडाशी हलका संपर्क ठेवायचा. सूचना द्यायच्या त्या पायाच्या दाबाने आणि अंगाच्या तोलाने. दुडक्या चालीत घोडा पुढचा एक आणि मागचा विरुद्ध बाजूचा असे दोन पाय एकत्र उचलतो, त्यामुळे ‘एक-दोन, एक-दोन’ असे ठोके पडतात. इंग्रजी स्वार एका ठोक्याला खोगिरावरून उठतो, दुसऱ्याला बसतो. स्वाराची कंबर वाचते आणि घोड्याची पाठही. आमचे सर ‘अप-डाऊन’ ओरडायचे आणि ‘गर्थ’ तपासायला सांगायचे. मोतद्दार काका त्याच पट्ट्याला तंग म्हणायचे आणि गुपचूप आवळून द्यायचे.

ही पद्धत गरजेतून आली. इंग्लंडमध्ये कोल्ह्याच्या शिकारीत कुंपणं, चर ओलांडत धावावं लागे, म्हणून उडीला सोयीचं हलकं खोगीर. पुढे इटलीच्या घोडदळातल्या फेडेरिको काप्रिली या अधिकाऱ्याने उडी घेताना मागे रेलण्याऐवजी पुढे झुकायला शिकवलं, आणि साऱ्या जगाने ते उचललं. अमेरिकेतल्या गुराख्याला एका हाताने दोर फेकायचा असे, म्हणून त्याचं खोगीर मोठं आणि लगाम एकाच हातात. मराठा स्वाराची गरज आणखी वेगळी : काटक, लहानसर घोडा, लांबचा पल्ला, हातात भाला आणि क्षणात गर्रकन वळणं. यांतली कुठलीच पद्धत ‘खरी’ किंवा ‘शुद्ध’ नाही. ज्याला जे काम, त्याची तशी मांड.

पण राज्य इंग्रजांचं आलं आणि त्यांची मांड परीक्षेचा विषय झाली. आयसीएस व्हायचं तर इंग्लंडमध्ये घोडेस्वारीची चाचणी द्यावी लागे. कारण व्यवहाराचं होतं. जिल्ह्याचा साहेब फिरतीवर निघे तो घोड्यावरून. तरी ज्याच्या घरी तबेला नाही, त्या हिंदी विद्यार्थ्याला परदेशात पैसे मोजून हे शिकावं लागे. अरविंद घोष १८९० मध्ये प्रवेश परीक्षा उत्तम गुणांनी पास झाले आणि १८९२ मध्ये घोडेस्वारीवर अडले. त्यांना ती नोकरीच नको होती, म्हणून ते चाचणीला गेलेच नाहीत, असं त्यांनी पुढे सांगितलं. १८९३ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात, एका मराठी संस्थानाच्या चाकरीत आले. एका माणसाला सोडून दिलेली घोड्याची रपेट पुढे साम्राज्याला बरीच महाग पडली.

देवाणघेवाण मात्र एकतर्फी नव्हती. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. ही व्यवस्था इंग्रजांनी त्यांच्या हिंदी घोडदळात शब्दासकट उचलली, आणि ती पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. इंग्रजी स्वाराची ती ऐटबाज विजार, जोधपूर्स, हीसुद्धा नावाप्रमाणेच जोधपूरची.

आज ऑलिंपिकमध्ये दिसते ती हीच इंग्रजी घराण्यातली स्वारी. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताने तिच्यात सुवर्ण मिळवलं. त्यानंतरचं सुवर्ण यायला ४१ वर्षं लागली. २०२३ मध्ये हांगझोऊला आपल्या संघाने ड्रेसाज जिंकलं, म्हणजे घोड्याला उड्यांशिवाय, अगदी सूक्ष्म इशाऱ्यांवर चालवण्याचा प्रकार. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. पण या खेळासाठी घोडा, तबेला आणि वर्षानुवर्षांचं परदेशी प्रशिक्षण लागतं. साहेबाची परीक्षा गेली, तिच्या जागी खर्च येऊन बसला आहे. शिलेदाराला स्वतःचा घोडा आणावा लागे, आणि ज्याला तो परवडत नसे तो सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर होई. आपल्या खेळाला आज शिलेदार पुष्कळ मिळतील. बारगिरांसाठी पागा कोण उभी करणार, ते बघायचं.