गंगाकाठची दोन प्रतिष्ठाने

आमचे बिडकीन पैठणच्या वाटेवरचे. छत्रपती संभाजीनगराहून निघालेली एस. टी. येथे घटकाभर थांबते, नाथांच्या दर्शनाला निघालेली माणसे चहा घेतात आणि पुढे जातात. त्यामुळे पैठणचा अभिमान आम्हांला अगदी फुकटात मिळालेला! वर्गात मी तो वर्षानुवर्षे वाटत आलो. पुरूरवा राजाची राजधानी प्रतिष्ठान. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. तेव्हा उर्वशी स्वर्गातून उतरली ती आपल्या शेजारीच. एवढ्यावर थांबलो असतो तर बरे होते. पण एका कादंबरीत मी तिला थेट नागघाटावर आणून बसवली.

गेल्या साली सातवीतली एक मुलगी ‘विक्रमोर्वशीया’ची गोष्ट वाचून आली आणि म्हणाली, “गुरुजी, पैठणला यमुना कुठून आली?”

मी पुस्तक मागून घेतले. कालिदासाने पुरूरव्याचा वाडा गंगायमुनेच्या संगमापाशी ठेवला आहे. ते प्रतिष्ठान प्रयागासमोर, गंगेच्या पलीकडच्या काठावर; आज त्या गावाला झूसी म्हणतात. आपले प्रतिष्ठान गोदावरीच्या उत्तर तीरावरचे, सातवाहनांच्या राजधानीचे.

माझी चूक आजीपासूनची. ती पैठणला जाऊन आली की “गंगेवर जाऊन आले” म्हणे. आमच्या भागात गोदावरी हीच गंगा. प्रतिष्ठान गंगेवर आहे असे वाचले, की मला दुसरी गंगा दिसायचीच नाही. यमुनेने घात केला!

नाव सारखे असण्यात नवल नाही. प्रतिष्ठान म्हणजे पाय रोवून राहण्याची जागा. नवी वस्ती करणाऱ्याला याहून चांगले काय सुचावे? ग्रीकांकडे तर नावांची टंचाईच दिसते. सिकंदराने इजिप्तपासून कंदाहारापर्यंत अलेक्झांड्रिया वसविल्या. सेल्यूकसाने बापाच्या नावाने कितीतरी अँटिओक उठविली. मग घोटाळा नको म्हणून ‘ओरोंतेस नदीवरचे अँटिओक’ असे नदी लावून सांगत. आमच्याकडे घोटाळा केला तो नदीनेच, कारण तिचेही नाव एक.

हा गुंता सोडवायला मला ग्रीकच उपयोगी पडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी टिपणात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर ‘पैठाना’ आहे. तेथून अकीकाचे दगड बैलगाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात. शब्द पाहा: संस्कृत प्रतिष्ठान नव्हे, पैठाना! म्हणजे तेव्हाही गाडीवानाच्या तोंडी आपलेच नाव होते. पुढच्या शतकात टॉलेमी ‘बैठाना’ लिहितो आणि तिथल्या राजाचे नाव सिरोप्टोलेमैओस सांगतो. विद्वान म्हणतात, हा श्रीपुळुमावी. टॉलेमीने त्याला आपल्याच नावाचा केला. हा गृहस्थ राहायचा तोही एका अलेक्झांड्रियातच!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितले, तुमचे गुरुजी चुकले. मुले हिरमुसली. पण गाड्यांची गोष्ट निघाली तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “मग त्या बिडकीनवरूनच गेल्या असतील का?” मी फळ्यावर पैठण आणि भडोच मांडले, मधे रेघ ओढली आणि तास संपला.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याची लक्षणे नाहीत. घरच्या प्रतीत मात्र ‘नागघाट’ पेन्सिलीने खोडला आहे.