आकिता, मासामी

आकिता, मासामी : (१९ डिसेंबर १९५६ – ). जपानी प्रायोगिक संगीतकार व लेखक. ‘मेर्त्सबाउ’ या नावाने प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे ‘नॉइझ’ या संगीतप्रकाराचे, म्हणजे सूर, ताल आणि चाल बाजूला ठेवून निव्वळ गोंगाटातून रचल्या जाणाऱ्या संगीताचे, ते अग्रणी मानले जातात. जन्म टोकिओ येथे. तामागावा विद्यापीठात त्यांनी चित्रकला व कलासिद्धांत यांचा अभ्यास केला आणि दादावाद व अतिवास्तववाद या चळवळींचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. १९७९ मध्ये सुरू केलेल्या आपल्या संगीतप्रकल्पाचे नाव त्यांनी जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्स यांच्या हानोव्हरमधील घरात वाढत गेलेल्या, १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झालेल्या रचनेवरून घेतले. श्विटर्स यांनी टाकाऊ वस्तूंना कलेत स्थान दिले, तर आकितांनी संगीताने दोष म्हणून वगळलेल्या ध्वनींना ते मिळवून दिले.

कियोशी मिझुतानी यांच्या साथीने केलेली आरंभीची ध्वनिमुद्रणे आकितांनी स्वतःच कॅसेटवर काढून टपालाने देशोदेशी पाठवली. यंत्रांची खरखर, धातूच्या तुकड्यांचे आघात आणि फीडबॅक, म्हणजे ध्वनिवर्धकातून निघालेला आवाज पुन्हा ध्वनिग्राहकात शिरून उठणारा कर्कश नाद, ही त्यांची मुख्य सामग्री होय. ‘व्हेनेरिऑलॉजी’ (१९९४) व ‘पल्स डीमन’ (१९९६) या संग्रहांत हा ध्वनी इतका दाट होतो, की सुरुवातीला एकसुरी भासणाऱ्या गदारोळातले थर व हालचाली लक्षपूर्वक ऐकणाऱ्यालाच उलगडतात. पन्नास सीडींचा ‘मेर्झबॉक्स’ २००० मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झाला. याच सुमारास ते लॅपटॉपवर रचना करू लागले. पुढे हाताने बनवलेली वाद्ये व ड्रम यांनाही त्यांच्या कामात पुन्हा जागा मिळाली. ‘बोरिस’ हा जपानी रॉक वाद्यवृंद आणि हंगेरियन ड्रमवादक बालाझ पांडी यांच्याबरोबरही त्यांनी ध्वनिमुद्रणे केली आहेत.

लेखक व संपादक म्हणून त्यांनी आधुनिक कला, प्रायोगिक संगीत आणि कामसंस्कृतीचा इतिहास या विषयांवर विपुल लेखन केले. पुढे ते प्राणिहक्कांचे पुरस्कर्ते व संपूर्ण शाकाहारी झाले आणि आपल्या आहारपद्धतीवर त्यांनी पुस्तकही लिहिले. एका हत्ती-सीलला वाहिलेला ‘मिनाझो’, डॉल्फिनहत्येचा निषेध करणारा ‘डॉल्फिन सोनार’ (२००८) आणि जपानी पक्ष्यांवरील तेरा संग्रहांची मालिका यांतून ही भूमिका संगीतात उतरली. शब्दांवाचूनचा गोंगाटही नैतिक आग्रह वाहू शकतो, हे त्यांच्या उत्तरकालीन कामाचे मोठे योगदान आहे.