विदर्भाने पहिला रणजी करंडक कसा जिंकला?

महाराष्ट्र राज्य एक असले तरी रणजीत संघ तीन आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतचा अकरा जिल्ह्यांचा भाग विदर्भाच्या संघाकडे येतो. १९५७-५८ पासून खेळणाऱ्या या संघाने २०१७-१८ पर्यंत कधीच अंतिम फेरी गाठली नव्हती.

त्या हंगामात फैज फजल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक आणि मुंबईहून आलेला वसीम जाफर सोबतीला होता. फजलने हंगामात ९१२ धावा केल्या.

बाद फेरीतला प्रवास असा :

• उपांत्यपूर्व, सुरत : केरळवर ४१२ धावांनी विजय.

• उपांत्य, कोलकाता : कर्नाटकला विजयासाठी १९८ धावा हव्या होत्या. शेवटच्या दिवशी त्यांना ८७ धावा हव्या होत्या आणि हातात ३ गडी होते. सिव्हिल इंजिनिअर असलेल्या रजनीश गुरबानीने ते तिन्ही टिपले. विदर्भ अवघ्या ५ धावांनी जिंकला.

• अंतिम, इंदूर : दिल्लीविरुद्ध गुरबानीची हॅट्ट्रिक. रणजी अंतिम सामन्यातली ही दुसरीच. अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ ९ गडी राखून विजेता ठरला.

हा योगायोग नव्हता. पुढच्याच वर्षी सौराष्ट्राला हरवून विदर्भाने करंडक राखला आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा जिंकला. इंदूरच्या त्या सामन्यात दिल्लीकडून १४५ धावा करणारा ध्रुव शोरी तेव्हा विदर्भाकडून खेळत होता.